पडलो ते कागदावर काय उमटले?



आपल्या लोकांची एक जुनी सवय आहे. डॉक्टरांनी "मा श्लोमेख?" असे विचारले की आपण चटकन "बारूख हशेम" म्हणतो. गुडघे धरलेले असोत, रात्रभर झोप लागलेली नसो, उत्तर तेच. त्यात वाईट काही नाही. देवाचे आभार मानून मगच गाऱ्हाणे सांगावे ही आपल्या आईवडिलांची शिकवण. पण कोकणातले वैद्य आपला चेहरा पाहत आणि नाडी धरत. इथले डॉक्टर संगणकाकडे पाहत असतात, आणि आपण जे म्हटले ते हिब्रूत टंकतात: 'बरे वाटते, विशेष तक्रार नाही.' आपण घरी येतो, विसरतो. ती ओळ मात्र कुपात होलीमच्या संगणकात राहते, आणि पुढे कधी अपघाताच्या भरपाईचा प्रश्न निघाला तर समोरच्या वकिलाच्या टेबलावर जाऊन पडते.

आम्ही वकील नव्हे की डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. पण आमच्या घरातल्या एका दाव्याचे कागद साडेतीन वर्षे आमच्याकडे होते. फाईल बनवायची, तारखा लावायच्या, हिब्रू पत्रे मराठीत समजावून सांगायची हे काम आमच्यावर आले. त्यात जे कळले ते इथे लिहितो.

आमची मोठी बहीण, जिला सगळे 'बाय' म्हणतात, तेव्हा ७९ वर्षांची होती. साखरेचा आजार, आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू. एका बुधवारी ती बाजारात निघाली. बसमध्ये चढली, रव-काव मशीनला लावले, आणि जागेवर बसायच्या आत बस सुटली. ती आडवी झाली. उजवा हात अंगाखाली आला, डोके लोखंडी दांडीला टेकले. एका रशियन बाईने तिला उठवून बसवले. ड्रायव्हरने आरशातून विचारले, "हकोल बसेदर?" बायने उत्तर दिले, "हकोल बसेदर." झाले. पुढे बाजारही केला तिने! घरी येऊन मनगटाला हळद-तेल लावले, फडके बांधले. गुरुवार गेला. शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक, पाहुणे येणार होते, तेव्हा डॉक्टरकडे कोण जाणार?

रविवारी ती कुपातमध्ये गेली, पण साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी आणायला. उठताउठता म्हणाली की हात थोडा दुखतो. डॉक्टरांनी लिहिले, 'मनगटात दुखणे, काही दिवसांपासून.' कशामुळे, ते बायने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. बस हा शब्द त्या नोंदीत नाही.

पडल्यापासून बाराव्या दिवशी तिचे डोके ठणकू लागले, बोलणे असंबद्ध झाले, चालताना झोक जाऊ लागला. मुलगी हैफाहून धावत आली आणि तिला मियूनमध्ये घेऊन गेली. तिथे विचारले, काय झाले? मुलीला बसचे काहीच ठाऊक नव्हते. हाताचे फडके पाहून ती म्हणाली, "घरात पडली असेल." बाय स्वतः एवढेच म्हणत होती, "मला चक्कर येते, चक्कर येते." तपासणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले: 'सुमारे दोन आठवड्यांपूर्वी घरी पडली. चक्कर.' डोक्याच्या सीटीत कवटीच्या आत, मेंदूवर, साचलेले रक्त दिसले. शस्त्रक्रिया झाली, नऊ रात्री ती इस्पितळात राहिली. मनगटाचे हाड मोडले होते आणि तोवर वाकडेच जुळू लागले होते.

बारूख हशेम, बाय वाचली. बसची हकीकत तिने शुद्धीवर आल्यावर सांगितली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळली.

आता कायद्याकडे येतो. इस्राएलमध्ये रस्त्यावरच्या अपघातासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. वकील लोक त्याला थोडक्यात 'पलताद' म्हणतात. हा कायदा जखमी माणसाच्या फार सोयीचा आहे, कारण त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. ड्रायव्हरने ब्रेक जोरात मारला का, आपण कठडा धरला होता का, या वादात शिरायचे कारण नाही. गाडीत बसलेला माणूस त्या गाडीच्या सक्तीच्या विम्याकडे, म्हणजे 'बितुआख होवा'कडे मागतो. पायी चालणाऱ्याला गाडीने धडक दिली तर तो त्या गाडीच्या विम्याकडे मागतो. धडक देणारा पळून गेला किंवा गाडीला विमाच नसला, तर त्यासाठी 'कार्नीत' नावाचा निधी आहे. गाडीत चढताना किंवा उतरताना पडणे हेदेखील यातच येते. बसमध्ये कोणाला धडक बसली नाही, नुसता झटका बसून आपण पडलो, तरी तो रस्त्यावरचा अपघातच. आपल्या वयाच्या कितीतरी लोकांना हे माहीत नसते. "टक्कर कुठे झाली? मीच पडले," असे म्हणून ते गप्प बसतात.

चूक सिद्ध करावी लागत नाही, हे खरे. पण दोन गोष्टी सिद्ध कराव्याच लागतात: अपघात घडला, आणि आजचे दुखणे त्याच अपघाताने आले. या दुसऱ्या गोष्टीला इथे 'केशेर सिबाती' म्हणतात, म्हणजे कारण आणि परिणाम यांचा संबंध. बायच्या बाबतीत विमा कंपनीने नेमके इथे बोट ठेवले. त्यांच्या पत्राचा मतितार्थ असा: त्या दिवशी इस्पितळात गेल्याची नोंद नाही, चार दिवसांनी डॉक्टरांना भेटल्या त्यात अपघाताचा उल्लेख नाही, इस्पितळाचा कागद म्हणतो घरी पडल्या, आणि शिवाय सहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत चक्करेची तक्रार आहे. म्हणजे त्या चक्कर येऊन घरीच पडल्या असाव्यात.

आम्ही ते पत्र तीन वेळा वाचले. राग आला, पण गणिताच्या मास्तराच्या नजरेने पाहिले तर त्या पत्रातली प्रत्येक पायरी आमच्याच कागदांवरून काढली होती. त्यांनी खोटे काही रचले नव्हते.

यातला 'चक्कर' हा शब्द जरा नीट समजून घ्यावा. मराठीत आपण चक्कर हा शब्द सैल वापरतो. डोके जड झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पायात बळ नाही, सगळ्याला चक्कर. हिब्रूत 'स्खरखोरेत' लिहिले की डॉक्टरच्या मनात एक ठरावीक चित्र येते: माणसाला चक्कर आली आणि म्हणून तो पडला. आपल्याला म्हणायचे असते उलटे, की पडलो आणि मग चक्कर येऊ लागली. आधी काय आणि नंतर काय, एवढाच फरक, पण सगळा दावा त्यावर उभा असतो. चक्कर येऊन पडणे म्हणजे आजार. बसच्या झटक्याने पडून चक्कर येणे म्हणजे अपघात.

म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिल्या दोन वाक्यांत काय, कुठे, केव्हा, कसे हे सांगून टाकावे. हिब्रू ज्यांची अडखळते त्यांनी ही वाक्ये मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवावीत. बाय आता ठेवते. "नफाल्ती बाओतोबूस", मी बसमध्ये पडले. "हनेहाग नसा लिफ्ने शेहित्याशव्ती", मी बसण्याआधीच ड्रायव्हरने बस हाकली. "लिफ्ने हनफीला लो हायता ली स्खरखोरेत", पडण्याआधी मला चक्कर नव्हती. हे शेवटचे वाक्य अर्थात खरे असेल तरच म्हणावे. आणि मग डॉक्टरांना नम्रपणे, "तिख्तोव बेवकशा", बाई असतील तर "तिख्तेवी बेवकशा", कृपा करून लिहा. यात भीड वाटण्यासारखे काही नाही. रुग्ण जे सांगतो, पूर्वीचे आजार, तपासणीत काय आढळले आणि काय उपचार दिले, हे लिहून ठेवणे १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे.

सोबत कोणी घेऊन जावे, पण त्या माणसाला आधी सगळी हकीकत सांगावी. आपल्या घरांत मुलांना काळजी नको म्हणून पडल्याचे लपवतात. ते मुलगे-मुलीच मग मियूनमध्ये अंदाजाने उत्तरे देतात. भाची आजही म्हणते, "मी एक वाक्य बोलले आणि आईचं नुकसान केलं." आम्ही तिला सांगतो, तुझा दोष नाही, तुला कोणी सांगितलेच नव्हते.

दावा बाजूला ठेवा. त्याच दिवशी तपासून घेणे जिवासाठीच गरजेचे आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम नसली तरी त्याच दिवशी मियून गाठावे. म्हातारपणी डोक्याच्या आत रक्त हळूहळू साचते. दिवस, कधी आठवडे लागतात, आणि मग डोकेदुखी, गोंधळ, झोक जाणे सुरू होते. घरातले म्हणतात वय झाले. तसेच खुब्याच्या हाडाचे. बारीक तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी आलात आणि चालताना जांघेत दुखतच राहिले, तर दोन दिवसांनी पुन्हा जा, आणि म्हणा की त्या पडण्यापासून दुखते आहे. ती दुसरी भेट हाड वाचवते, आणि पहिल्या भेटीशी धागाही जोडते. मधे तीन महिन्यांची पोकळी राहिली तर कंपनी विचारणारच: इतके दुखत होते तर तीन महिने कुठे होता?

फिजिओथेरपी लिहून दिली आणि आपण गेलोच नाही, हेही कागदावर दिसते. जखमी माणसानेही आपले नुकसान वाढू देऊ नये, अशी इथल्या कायद्याची अपेक्षा आहे. जाणे खरोखर जमत नसेल, बस मिळत नसेल, जिने चढवत नसतील, तर तसे डॉक्टरांना सांगून लिहून घ्या. नुसते गैरहजर राहू नका. शाळेत आम्ही हेच सांगत आलो, पण पालक चिठ्ठी पाठवीत नसत!

खर्चाबद्दल एक जुना समज अजून ऐकू येतो की मोटार अपघाताचा उपचार कुपात होलीम करीत नाही, विमा कंपनीकडे जा. तसे आता नाही. २०१० च्या सुरुवातीपासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमींना आरोग्याच्या सरकारी टोपलीतले, म्हणजे 'साल हाब्रियूत'मधले उपचार कुपातच देते. तेव्हा पैशाच्या भीतीने घरी बसू नका. टोपलीबाहेरचे खर्च, टॅक्सी, मदतनीस, यांच्या पावत्या मात्र ठेवा. त्या भरपाईत मागता येतात. आणि तातडीच्या उपचाराच्या व शुश्रूषेच्या खर्चासाठी दावा संपेपर्यंत थांबावे लागत नाही. विमा कंपनीला मागणी केल्यापासून ६० दिवसांत तशी अंतरिम रक्कम देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण मागणीसोबत कागद हवेत.

आता थोडे गणित, कारण या भागाने आम्हालाच धक्का दिला.

दुःख आणि वेदना यांची भरपाई पलतादमध्ये न्यायाधीशाच्या मर्जीवर नाही. १९७६ च्या नियमांत सूत्र दिलेले आहे. एक कमाल रक्कम असते, ती महागाईप्रमाणे बदलते. कायमच्या अपंगत्वाच्या प्रत्येक टक्क्यामागे त्या कमाल रकमेचा एक टक्का. इस्पितळातल्या प्रत्येक दिवसामागे हजारात दोन. इथवर ठीक. मग वयाची वजावट: तीसच्या पुढे पन्नासपर्यंत दर वर्षी एक टक्का कमी, आणि पन्नासच्या पुढे दर वर्षी दोन टक्के कमी. समजा ७९ वर्षांच्या बाईला १० टक्के अपंगत्व दिले आणि ती ९ दिवस इस्पितळात होती. दहा अधिक १.८, म्हणजे कमाल रकमेच्या ११.८ टक्के. वजावट: पहिल्या वीस वर्षांचे २०, पुढच्या एकोणतीस वर्षांचे ५८, एकूण ७८ टक्के. उरले २२. आता ११.८ चे २२ टक्के काढा: सुमारे २.६. म्हणजे कमाल रकमेच्या शंभरात अडीच-पावणेतीन. त्याच हाडाला त्याच वेदना झालेल्या तीस वर्षांच्या मुलीला ११.८ मिळाले असते. म्हाताऱ्याचे दुखणे स्वस्त, असे कोणी फळ्यावर लिहिले असते तर आम्ही पुसून टाकले असते. पण नियम तसा आहे.

पगार बुडाला असेही आपल्याला म्हणता येत नाही, कारण आपण निवृत्त. मग उरते काय? उरते दुसऱ्याची मदत, आणि आपल्या वयाला दाव्याचा मोठा भाग हाच असतो. अपघातानंतर कोणी आंघोळ घातली, कोणी केस विंचरले, कोणी दुकानात गेले, कोणी रात्री उशाशी बसले. हे काम पगारी बाईने केले तर पावती असतेच. पण मुलीने, सुनेने, नवऱ्याने केले तरी, घरच्यांच्या नेहमीच्या मदतीहून ते जास्त असले, तर इथली न्यायालये त्याचीही भरपाई देतात. फक्त ते दिसले पाहिजे. आपल्या घरांत सून सासूला आंघोळ घालते त्याची नोंद कोण ठेवतो? लाज वाटते. आम्हालाही वाटली. पण वकीलबाईंनी सांगितले म्हणून शंभर पानी वही आणली आणि चार रकाने आखले: तारीख, कोण आले, काय केले, किती तास. भाचीने कामावरून किती दिवस रजा काढली ती पगाराच्या चिठ्ठीवरून लिहिली. आमच्या घरची मदतही लिहिली, अगदी भाकऱ्या करून नेल्या तेसुद्धा, ते मात्र वकीलबाईंनी हसून खोडले. शेवटी तडजोडीच्या बोलण्यात सगळ्यात जास्त उपयोग त्या वहीचाच झाला. मागाहून एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते. शाई एक, अक्षर एक. म्हणून रोजची रोज लिहावी.

आणि डॉक्टरांपुढे मदतीबद्दल खरे बोलावे. बितुआख लेउमीतून सिऊदच्या भत्त्यासाठी तपासायला बाई येते तेव्हा आपल्या आज्या पाटावरून उठून दाखवतात, नवी साडी नेसतात, चहा करून देतात आणि "मी सगळं स्वतः करते" म्हणतात. भत्ता नाकारला जातो, आणि तोच कागद भरपाईच्या दाव्यात पुढे येतो. उलट टोकही सांगतो. अपघातापूर्वीच कोणी सिऊदसाठी अर्ज केला असेल आणि त्यात 'एकटीला आंघोळ करता येत नाही' असे लिहिले असेल, तर अपघातानंतर 'अपघातामुळे आंघोळ करता येत नाही' हे म्हणता येणार नाही. जुने कागद बोलतात. वकिलाला पहिल्याच भेटीत ते सगळे दाखवावे.

जुन्या आजारांबद्दल लोक फार घाबरतात. साखर आहे, हाडे ठिसूळ आहेत, पाठीचे जुने दुखणे आहे, मग दावा कसला? असे नाही. ठिसूळ हाडाचा माणूस पडला आणि हाड मोडले, तर तरण्याचे मोडले नसते हा बचाव होत नाही. जखमी जसा आहे तसाच धरावा, हे तत्त्व इथल्या न्यायालयांत मान्य आहे. त्याला 'पातळ कवटी'चे तत्त्व म्हणतात, बायच्या बाबतीत अक्षरशः लागू. पण आजचे अपंगत्व आधीपासूनच होते की अपघाताने आले की वाढले, हे तज्ज्ञ डॉक्टर वेगळे करतो आणि आधीचा वाटा वजा करतो. म्हणून जुना आजार लपवणे हा सगळ्यात वाईट मार्ग. कुपातच्या नोंदी बाहेर येतातच, आणि मग खरे बोललेलेही कोणी धरत नाही. त्यापेक्षा असे सांगावे: पाठ आधीही दुखायची, पण बाजारात चालत जात होते, आता जिन्याच्या खाली जाता येत नाही. आधी काय जमत होते आणि आता काय जमत नाही, ही तुलना डॉक्टरांच्या नोंदीत उतरली की काम होते.

पलतादमध्ये तज्ज्ञ डॉक्टर न्यायालय नेमते. आपण आपल्या पैशाने एखाद्या मोठ्या डॉक्टरचे मत आणून दाखल करू शकत नाही, आणि विमा कंपनीही नाही. म्हणून इथे उपचाराच्या मूळ नोंदींना इतके वजन. तो तज्ज्ञ आपल्याला जेमतेम अर्धा तास पाहतो. फाईल मात्र पानापानाने वाचतो. आपल्यातला कोणी या वयातही काम करीत असेल, म्हाताऱ्यांची देखभाल करायला जात असेल, आणि कामावर किंवा कामाच्या वाटेवर पडला, तर तो बितुआख लेउमीकडचा कामाचा अपघात ठरतो. तेव्हा मालकाकडून '२५०' क्रमांकाचा फॉर्म घेऊनच डॉक्टरकडे जावे. तिथे ठरलेले अपंगत्वाचे टक्के पुढे मोटार अपघाताच्या दाव्यालाही लागू होतात, तेव्हा ती समिती सहज घेऊ नये.

पदपथावरच्या खड्ड्यात किंवा दुकानाच्या ओल्या फरशीवर पडणे हे पलतादमध्ये येत नाही. तिथे नगरपालिकेची किंवा दुकानदाराची हयगय आपल्याला सिद्ध करावी लागते, आणि वैद्यकीय मतही आपल्या खर्चाने दावा करतानाच जोडावे लागते. त्याच दिवशी खड्ड्याचा फोटो काढावा, शेजारी चप्पल ठेवून म्हणजे खोली कळते. १०६ वर कळवावे. खड्डा आठ दिवसांत बुजतो! मियूनमध्ये नुसते 'रस्त्यात पडले' न म्हणता 'पदपथाच्या खड्ड्यात पाय अडकून पडले' म्हणावे.

कागद मिळवायचे कसे? रुग्णहक्क कायद्याप्रमाणे आपल्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. इस्पितळातून निघताना 'मिख्ताव शिख्रूर', म्हणजे सुटीचे पत्र, हातात देतात. ते तिथेच, खाटेवर बसून, हिब्रू येणाऱ्याकडून वाचून घ्यावे. चूक दिसली तर तिथेच सांगावे. आम्ही घरी येऊन, फोडणीच्या वासात, चौथ्या दिवशी वाचले. लिहिलेले डॉक्टर खोडत नाहीत, ते बरोबरही आहे, पण त्याखाली नवी नोंद घालू शकतात. बायच्या कुपातच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत घातली: 'रुग्णा सांगते की अमुक तारखेला बसमध्ये पडली.' उशिराची होती, तरी होती. मागेन दाविद अदोमची गाडी आली असेल तर त्यांच्या नोंदीची प्रतही मागवा. घटनेनंतर लगेचचा तो पहिला कागद असतो. पोलिसांत अपघात नोंदवून त्यांचा दाखला घ्यावा, विमा कंपनी तो मागतेच. कंपनीने पाठवलेला 'वितूर अल सोदियूत'चा कागद, म्हणजे आपली वैद्यकीय गुप्तता सोडल्याची परवानगी, वकिलाने पाहिल्याशिवाय सही करू नये.

वकिलाच्या फीला पलतादमध्ये मर्यादा आहे. खटला न भरता तडजोड झाली तर ८ टक्के, खटला भरून तडजोड झाली तर ११, निकाल लागला तर १३, आणि त्यावर माआम. यापेक्षा जास्त कोणी मागितले तर उठून यावे. दाव्याची मुदत साधारण सात वर्षे, पण सात वर्षे हातात आहेत म्हणून झोपू नये, साक्षीदारही म्हातारे होतात.

बायची बाजू शेवटी सावरली ती त्या रशियन बाईमुळे. रव-कावच्या नोंदीने एवढेच दाखवले की बाय त्या वेळी त्या बसमध्ये होती, पडल्याचे नाही. ती बाई दोन इमारती सोडून राहते हे भाचीने बाजारात विचारत विचारत शोधले. तिने शपथपत्र दिले. खटला भरल्यावर, निकालाआधी, तडजोड झाली. डोक्याच्या बाबतीत पहिल्या बारा दिवसांच्या नोंदींमुळे बरेच सोडावे लागले. मनगटाचे मिळाले. जे आले त्यातून बायने दुपारी चार तास येणारी एक मदतनीस ठेवली आहे. चपात्या तिला लाटता येत नाहीत, त्या आमच्याकडून जातात. फाईल अजून आमच्या कपाटात आहे, दोन प्रती करून; एक भाचीकडे हैफाला.